जुन्या ब्रिटिश गाडीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमजीबी, मिनी, मॉरिस मायनर, ट्रायम्फ, जॅग्वार अशा गाड्या बाळगणाऱ्या मराठी मंडळींकडून, काही इथे ब्रिटनमध्ये तर काही पुण्या-मुंबईत, जुन्या पॉइंटचं काम इलेक्ट्रॉनिक किटवर सोपवण्याबद्दलचे हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उदाहरणं बरीचशी एमजीबीची आहेत. १९६२ ते १९८० या काळात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांवर एमजीबी बाहेर पडल्या, त्यामुळे सर्वाधिक प्रश्नही तिचेच असतात. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पॉइंट नेमकं काय करतो, आणि किट लावल्यावर काय बदलतं?

पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधला (प्लगना आळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागातला) उघडझाप करणारा स्विच. किल्ली फिरवली आणि पॉइंट मिटलेला असला की कॉइलच्या प्रायमरीतून, म्हणजे पहिल्या गुंडाळीतून, साधारण चार अँपिअर करंट वाहतो. डिस्ट्रिब्यूटरचा कॅम फिरतो, पॉइंट उघडतो, करंट तुटतो आणि त्याच क्षणी कॉइलच्या सेकंडरीत, म्हणजे दुसऱ्या गुंडाळीत, हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर हे सेकंदाला शंभर वेळा घडतं. दर उघडझापीत पॉइंटची तोंडं थोडी जळतात, आणि कॅमवर घासणारी पॉइंटची टाच झिजते. टाच झिजली की गॅप (पॉइंटच्या तोंडांमधली फट) कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे सरकतं. गाडी हळूहळू मंद होत जाते, म्हणून रोज चालवणाऱ्याला ते कळतही नाही.

किटमध्ये करंट तोडायचं काम ट्रान्झिस्टर करतो. बहुतेक किटमध्ये पॉइंट आणि कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शोषणारा छोटा डबा) निघतात. बाकी सगळं, म्हणजे शाफ्ट, वेगाप्रमाणे टायमिंग पुढे नेणारी वजनं आणि स्प्रिंगा, इंजिनच्या ओढीवर टायमिंग बदलणारा व्हॅक्यूम, ठिणगी वाटणारे रोटर आणि कॅप, जुनंच राहतं. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा, प्रश्न ३ तिच्यावरच उभा आहे.

२. पॉवर वाढते का? अ‍ॅव्हरेज सुधारतं का?

नीट लावलेल्या पॉइंटशी तुलना केली तर जाणवण्यासारखं काही नाही. फायदा टिकण्यात आहे. आज लावलेलं टायमिंग पुढच्या वर्षीही तिथेच राहतं, थंडीत गाडी लवकर लागते, स्लो रनिंग स्थिर होतं. शिवाय आज बाजारात मिळणारे नवे कंडेन्सर इतके बेभरवशाचे झाले आहेत की पुष्कळांनी निव्वळ त्या त्रासापोटी किट लावलं. मला तेवढं कारण पुरेसं वाटतं.

३. गाडी मिसिंग करते, झटके देते. किट लावलं की जाईल ना?

बहुतेक वेळा नाही. म्हणूनच कुणी किटबद्दल विचारलं की मी आधी विचारतो, पॉइंटवर गाडी कशी चालते? पॉइंटवर जी गाडी नीट चालत नाही तिला किट लावू नका. दोष दडतो, वर एक नवी अनोळखी वस्तू सर्किटमध्ये येते, आणि मग दोष कशाचा हे शोधणं दुप्पट अवघड होतं.

आधी कॅप काढा, रोटर काढा आणि शाफ्टचं डोकं बोटांत धरून आडवं हलवून पाहा. हलकासा खेळ चालतो. खडखड जाणवली तर बुश (शाफ्टचे आधार) गेले आहेत. अशा शाफ्टवर चारही सिलिंडरची ठिणगी वेगवेगळ्या अंशाला पडते आणि मॉड्यूल (किटमधला, पॉइंटच्या जागी बसणारा इलेक्ट्रॉनिक भाग) लावूनही विखुरलेलीच राहते. मग शाफ्टचं डोकं फिरायच्या दिशेने थोडं पिळून सोडा. ते स्प्रिंगने झटकन मागे यायला हवं. आळसावून आलं तर खालची वजनं गंजली आहेत किंवा स्प्रिंग सैल आहे. व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून पाहा. आतली प्लेट हलली पाहिजे आणि नळीला जीभ लावून धरली की तिथेच थांबली पाहिजे. थांबली नाही तर डायफ्रॅम (व्हॅक्यूमच्या आतला पडदा) फाटलाय.

यात सर्वाधिक चकवणारी गोष्ट म्हणजे बेस प्लेटची अर्थिंगची वायर. कापडी वेष्टणाची ही बोटाएवढी वायर व्हॅक्यूमबरोबर दर वेळी वाकते. आतले तांब्याचे तंतू एकेक करून तुटतात आणि वेष्टण मात्र शाबूत दिसतं. गाडी स्लोवर छान चालते, ॲक्सिलरेटर दिला की मिस मारते. वायर दोन्ही टोकांना धरून हलके ताणा. ती रबरासारखी लांबली तर आत तांबं उरलेलं नाही. हा दोष ठेवून किट लावलं तर मॉड्यूललाही अर्थिंग मिळत नाही, आणि दोष किटच्या नावावर जातो.

४. माझ्या गाडीत कोणता डिस्ट्रिब्यूटर आहे हे कसं ओळखू?

गाडीच्या वर्षावरून किट मागवू नका. पन्नास-साठ वर्षांत कुणी काय बदललं असेल सांगता येत नाही. डिस्ट्रिब्यूटरच्या अंगावर लुकासने (ब्रिटिश गाड्यांचे विद्युत भाग बनवणारी कंपनी) मॉडेल आणि पाच आकडी नंबर ठोकलेला असतो. कापडाला थोडं पेट्रोल लावून पुसा, दिसेल. चार सिलिंडरच्या गाड्यांत २५डी४ आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून ४५डी४ हे नेहमीचे. त्याआधीचा डीएम२. मिनी कूपर एसमध्ये २३डी४, त्याला व्हॅक्यूम नाही. जॅग्वारच्या सहा सिलिंडरला २२डी६, रोव्हरच्या व्ही८ला ३५डी८. काही ट्रायम्फ गाड्यांत लुकास नसून डेल्कोचा डिस्ट्रिब्यूटर असतो, त्याची किट वेगळी. २५डी४ची किट ४५डी४मध्ये बसत नाही.

५. किटचे प्रकार किती? कोणता घ्यावा?

सर्वांत जास्त खपणारा प्रकार म्हणजे पॉइंटच्या जागी बसणारं छोटं मॉड्यूल आणि कॅमवर, रोटरच्या खाली, बसणारी चुंबकाची रिंग. मॉड्यूलमधला हॉल सेन्सर चुंबक ओळखतो. पर्ट्रॉनिक्सचा इग्नायटर, पॉवरस्पार्क, अ‍ॅक्युस्पार्क हे सगळे याच जातीचे. दोन वायर बाहेर येतात, बाहेरून काही दिसत नाही.

दुसरा प्रकार प्रकाशाचा. ल्युमेनिशनच्या ऑप्ट्रॉनिकमध्ये इन्फ्रारेड किरण एका फिरत्या चकतीने तोडला जातो आणि करंट सांभाळणारा पॉवर मॉड्यूल बाहेर, बोनेटखाली वेगळ्या डब्यात असतो. डबा दिसतो हे खरं, पण उष्णता सोसणारा भाग तापलेल्या डिस्ट्रिब्यूटरपासून लांब राहतो. लांब पल्ल्याला गाडी काढणाऱ्यांना मी हा प्रकार आवर्जून सुचवतो.

तिसऱ्यात पॉइंट जागेवरच राहतो, पण त्याच्यातून नाममात्र करंट जातो आणि मोठा करंट ट्रान्झिस्टर तोडतो. तोंडं जळत नाहीत, टाच मात्र झिजतच राहते. बिघडलं तर दोन वायर बदलून पुन्हा साध्या पॉइंटवर येता येतं. हा प्रकार आता मागे पडला, खरं तर पडायला नको होता.

चौथा म्हणजे पूर्ण नवा डिस्ट्रिब्यूटर. हॉलंडच्या १२३इग्निशनमध्ये स्विच फिरवून सोळा अ‍ॅडव्हान्स कर्व्हपैकी (वेगाप्रमाणे टायमिंग किती पुढे न्यायचं याच्या आखणीपैकी) एक निवडता येतो. किंमत कितीतरी पट. पण जुन्याचा शाफ्ट, वजनं आणि व्हॅक्यूम तिन्ही गेले असतील तर दुरुस्तीचा खर्च आणि किटची किंमत एकत्र धरून हिशोब करा. अनेकदा नवाच परवडतो.

६. गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे. चालेल?

चालेल, पण पॉझिटिव्ह अर्थसाठी (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेल्या गाडीसाठी) बनवलेलीच किट हवी. एमजीबी १९६७च्या अखेरीपर्यंत आणि मिनी १९६९च्या सुमारापर्यंत पॉझिटिव्ह अर्थची होती. जॅग्वारच्या ई-टाइपमध्ये ३.८ लिटरची पॉझिटिव्ह, ४.२ची निगेटिव्ह. पण पुस्तकापेक्षा बॅटरीवर विश्वास ठेवा. बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय ते पाहा. चुकीच्या बाजूने करंट दिला तर मॉड्यूल क्षणात जातं आणि वॉरंटीही मिळत नाही.

कुणी मधल्या काळात गाडी निगेटिव्ह अर्थ करून घेतली असेल तर कॉइलच्या दोन बारीक वायर अदलाबदल केल्या होत्या का तेही तपासा. त्या तशाच राहिल्या असतील तर प्लगच्या मधल्या टोकाला ऋणाऐवजी धन व्होल्टेज मिळतं आणि ठिणगी कमजोर पडते. जुन्या कॉइलवर धन-ऋण खुणा नसून एसडब्ल्यू आणि सीबी लिहिलेलं असतं: एसडब्ल्यू स्विचकडचं, सीबी पॉइंटकडचं.

७. जुनी कॉइल ठेवू की स्पोर्ट्‌स कॉइल घेऊ?

किट जळण्याचं सर्वांत मोठं कारण चुकीची कॉइल. कॉइलच्या दोन्ही बारीक वायर काढा आणि मल्टिमीटरने टर्मिनलच्या मध्ये ओहम मोजा. प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा त्यातून वजा करा. तीनच्या आसपास आला तर साधी बारा व्होल्टची कॉइल. दीडच्या आसपास आला तर ती बॅलास्ट रेझिस्टरबरोबर (कॉइलला मिळणारं व्होल्टेज कमी करणाऱ्या रोधकाबरोबर) वापरायची कॉइल आहे.

हिशोब सरळ आहे. बारा व्होल्ट भागिले तीन ओहम म्हणजे चार अँपिअर. तेच, चार्जिंग चालू असताना चौदा व्होल्ट भागिले दीड म्हणजे नऊच्या वर. चार-सहा सिलिंडरची साधी किट हा करंट सोसत नाही. म्हणून किटच्या कागदावर किमान किती ओहम लिहिलंय ते वाचा आणि त्याखाली जाऊ नका. कॉइलच्या डब्यावरचं नाव आणि रंग पाहू नका, मोजा.

आता अवघड भाग. रबर बंपरच्या काळातल्या, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या, अनेक गाड्यांत बॅलास्ट म्हणून वेगळा डबा नसतो, हार्नेसमधली (वायरिंगच्या जुडग्यातली) रेझिस्टन्सची वायरच ते काम करते. नजरेला काही दिसत नाही. ओळखायचं असं: पॉइंट मिटलेला ठेवा, इग्निशन चालू करा, कॉइलच्या स्विचकडच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. बाराच्या जवळ असेल तर बॅलास्ट नाही, सहा ते नऊच्या मध्ये असेल तर आहे. बॅलास्ट असेल तर दोन मार्ग. दीड ओहमची कॉइल बॅलास्टसकट तशीच ठेवा आणि मॉड्यूलची फक्त लाल वायर बॅलास्टच्या आधीच्या पूर्ण बारा व्होल्टच्या ठिकाणाहून घ्या. किंवा बॅलास्ट पूर्ण टाळून पूर्ण बारा व्होल्टची नवी वायर ओढा आणि तीन ओहमची कॉइल लावा. मला दुसरा मार्ग आवडतो, कारण पुढे गाडी उघडणाऱ्या मिस्त्रीला डोळ्यांनी समजतो.

मूळ कॉइल तीन ओहमची आणि निरोगी असेल तर जास्त ताकदीच्या स्पोर्ट्‌स कॉइलची गरज नाही.

८. प्लग, प्लग वायर, रोटर बदलावे लागतात का?

प्लग वायर तांब्याच्या सरळ तारेच्या असतील तर नक्की बदला. त्यांतून निघणारी विद्युत खरखर मॉड्यूलला गोंधळवते. कार्बन किंवा सिलिकॉनच्या, रेझिस्टन्सच्या वायर घ्या.

रोटरवर पितळेची पट्टी रिव्हेटने ठोकलेली असेल तर उलटून पाहा. काही स्वस्त रोटरमध्ये हा रिव्हेट शाफ्टच्या इतका जवळ येतो की ठिणगी प्लास्टिक भेदून शाफ्टमध्ये उतरते. रिव्हेट नसलेला रोटर घ्या.

प्लगचा गॅप मूळ कॉइलवर मूळचाच ठेवा. एमजीबीला ०.०२५ इंच. जास्त ताकदीची कॉइल असेल तरच थोडा वाढवा, ०.०३० ते ०.०३५पर्यंत.

९. घरी बसवता येईल का? किती वेळ लागतो?

स्क्रू ड्रायव्हर आणि मल्टिमीटर वापरता येत असतील तर एका दुपारचं काम आहे. पहिल्यांदा बॅटरीचं टोक काढा. प्लग वायर कुठली कुठे, याचा फोटो घ्या. ए (मिनी, मायनर) आणि बी (एमजीबी) सिरीज इंजिनात फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ आणि रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, हे लिहून ठेवलं की नंतर गोंधळ होत नाही.

पॉइंट आणि कंडेन्सर काढताना बारीक स्क्रू आत पडतो. पडला तर तो निघाल्याशिवाय इंजिन फिरवू नका. प्लेट स्वच्छ पुसा. किटबरोबर पांढऱ्या पेस्टची पुडी आली असेल तर ती मॉड्यूलच्या खाली पातळ लावायची असते, उष्णता प्लेटमध्ये उतरावी म्हणून. ती पुडी ग्रीस समजून कॅमला लावलेली मी पाहिली आहे.

चुंबकाची रिंग कॅमच्या चार कोपऱ्यांवर बसवा आणि दोन्ही अंगठ्यांनी सारखी दाबा, पूर्ण खाली जाईपर्यंत. ती वर राहिली तर रोटरही वर राहतो आणि कॅपच्या मधल्या कार्बनवर दाब येऊन तो तुटतो. रिंग आणि मॉड्यूल यांतलं अंतर कागदात दिल्याप्रमाणे ठेवा. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) पितळेचं किंवा प्लास्टिकचं हवं, लोखंडाचं चुंबकाला चिकटतं. मग व्हॅक्यूमची नळी पुन्हा ओढून पाहा: प्लेट फिरताना वायर ताणल्या जात नाहीत ना, रिंगला घासत नाहीत ना.

निगेटिव्ह अर्थच्या गाडीत सर्वसाधारणपणे लाल वायर कॉइलच्या धन टर्मिनलला, काळी ऋण टर्मिनलला. बॅलास्ट असेल तर प्रश्न ७, टॅकोमीटर (आरपीएम दाखवणारं मीटर) असेल तर प्रश्न ११ आधी वाचा.

१०. पॉइंटवर टायमिंग बरोबर होतं. पुन्हा लावायला हवं का?

हो, प्रत्येक वेळी. मॉड्यूल ज्या क्षणी ठिणगी सोडतं तो पॉइंट उघडण्याचा क्षण नसतो, काही अंशांचा फरक पडतोच. टेस्ट लॅम्पने स्थिर टायमिंग बघायची पद्धत इथे भरवशाची नाही. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) वापरा, व्हॅक्यूमची नळी काढून बंद करा आणि पुस्तकात दिलेल्या आरपीएमवर लावा.

११. किट लावल्यापासून आरपीएमचा काटा नाचतो, किंवा शून्यावर पडून राहतो. का?

स्मिथ्स कंपनीचे टॅकोमीटर दोन तऱ्हेचे आहेत, आणि तबकडीच्या खाली बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असतं. आरव्हीआय असेल तर तो करंटवर चालतो. कॉइलला जाणारी वायर त्याच्यातून वळसा घेऊन येते आणि तिच्यातले धक्के मोजले जातात. एमजीबीत साधारण १९६४ ते १९७२ हाच. मॉड्यूलची लाल वायर कॉइलवर जोडली की मॉड्यूलचा करंटही त्याच वळशातून जातो आणि मोजणी बिघडते. लाल वायर टॅकोमीटरच्या आधी, फ्यूज बॉक्सच्या इग्निशन टर्मिनलवरून घ्या. वळशातून फक्त कॉइलचा करंट गेला की काटा बहुधा शांत होतो. न झाल्यास टॅकोमीटर दुरुस्त करणाऱ्याकडून आतलं सर्किट बदलून घ्यावं लागतं.

आरव्हीसी असेल तर तो कॉइलच्या ऋण टर्मिनलवरचं व्होल्टेज पाहतो, सहसा त्रास देत नाही. केबलवर चालणाऱ्या टॅकोमीटरला काहीच फरक पडत नाही.

१२. अल्टरनेटर नाही, डायनामो आहे. अडचण येईल?

दिवसा नाही. रात्री, पावसात, सिग्नलला थांबल्यावर येऊ शकते. डायनामो स्लो रनिंगला जवळपास काही देत नाही आणि हेडलाइट, वायपर बॅटरी ओढत राहतात. पॉइंटचा मोठेपणा हा की व्होल्टेज कितीही खाली गेलं तरी तो उघडतोच. मॉड्यूल एका मर्यादेखाली काम थांबवतं. सेल्फ मारतानाही तेच: बॅटरी म्हातारी असेल तर इंजिन फिरतं पण ठिणगी पडत नाही, आणि किल्ली सोडता सोडता गाडी लागते. असं झालं तर किट बदलू नका, बॅटरी आणि अर्थिंगचा पट्टा तपासा.

१३. इंजिन बंद आणि किल्ली चालू राहिली तर?

काही साध्या मॉड्यूलमध्ये कॉइल आपोआप बंद होत नाही. करंट वाहत राहतो, कॉइल तापते, काही मिनिटांत दोन्ही जाऊ शकतात. नव्या पिढीच्या काही किट स्वतः करंट तोडतात. तुमची तशी आहे का ते कागदात पाहा, आणि तोवर किल्ली चालू ठेवून रेडिओ ऐकू नका. गाडीवर वेल्डिंग करायचं असेल तर मॉड्यूलच्या वायर आधी काढा.

१४. अर्ध्या तासाने गरम झाली की बंद पडते, थंड झाली की लागते. मॉड्यूल गेलं का?

मॉड्यूल असू शकतं, कॉइल असू शकते, आणि पेट्रोलही असू शकतं. बंद पडल्या पडल्या, थंड व्हायच्या आत, बघायला हवं. जादा प्लग बरोबर ठेवा, कॉइलच्या जाड वायरला जोडून इंजिनच्या लोखंडाला टेकवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. वायर हवेत मोकळी धरून ठिणगी पाहू नका, त्यात मॉड्यूल जातं आणि झटका बसतो तो वेगळा.

ठिणगी निळसर, ठसठशीत असेल तर इग्निशन निर्दोष आहे. मग किल्ली चालू करून गाडीच्या मागच्या बाजूला कान द्या. एमजीबीचा एसयू पेट्रोल पंप मागे असतो आणि त्याची टिकटिक ऐकू येते. त्या पंपात स्वतःचे पॉइंट असतात आणि तेही जळतात. इग्निशनच्या नावाने बदललेल्या कितीतरी वस्तू या पंपापायी फुकट गेल्या आहेत.

ठिणगी नसेल तर कॉइलला हात लावून पाहा. हात ठेववत नसेल तर प्रश्न ७कडे परत जा.

१५. काढलेले पॉइंट ठेवू की टाकू?

ठेवा, डिकीत. मॉड्यूल हळूहळू बिघडत नाही, एकदम जातं, आणि रस्त्यात ते दुरुस्त होत नाही. पॉइंट, गाडीवर चालवून पाहिलेला कंडेन्सर, दोन स्क्रू, रोटर आणि छोटा स्क्रू ड्रायव्हर एका पिशवीत ठेवा. कंडेन्सर नवा कोरा ठेवू नका, कारण प्रश्न २ मध्ये आहे. जवळ २५डी४ची दुसरी बेस प्लेट असेल तर तिच्यावर पॉइंट बसवूनच ठेवा. रिंग काढा, प्लेट बदला, गॅप ०.०१४ ते ०.०१६ इंच लावा. फिलर गेज नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्डाची कड तेवढीच भरते.

१६. गाडीचा अस्सलपणा जातो का? विमा आणि नोंदणीचं काय?

मॉड्यूल कॅपखाली दडतं आणि कोणतंही भोक न पाडता परत काढता येतं. इलेक्ट्रॉनिक इग्निशन ब्रिटिश गाड्यांना परकंही नाही: १९७१ची व्ही१२ ई-टाइप लुकासच्या ओपस इग्निशनसहच कारखान्यातून निघाली.

ब्रिटनमध्ये विमा कंपनीला बदल कळवा, लेखी उत्तर जपून ठेवा. चाळीस वर्षांवरच्या गाडीला मिळणारी एमओटीची (वार्षिक तपासणीची) सूट गाडीत मोठे बदल झाले असतील तर जाते. तिथे चॅसिस, अ‍ॅक्सल, इंजिन अशा गोष्टी पाहिल्या जातात.

भारतात २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, आणि चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको अशी अट आहे. तपासणीच्या दिवशी मूळ पॉइंट बरोबर न्या.

१७. वडिलांची अ‍ॅम्बॅसेडर आहे. ब्रिटिश गाड्यांची किट बसेल का?

अ‍ॅम्बॅसेडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज तीन, आणि तिचं १४८९ सीसीचं इंजिन एमजीबीच्याच बी सिरीज घराण्यातलं. पण किट इंजिनात बसत नाही, डिस्ट्रिब्यूटरमध्ये बसते. प्रश्न ४ प्रमाणे अंगावरचं मॉडेल वाचा. ते २५डी४ किंवा ४५डी४शी जुळलं तर कॅप आणि कॅमची मापं किट विकणाऱ्याला कळवून खात्री करून घ्या. नंतरच्या काळातलं इसुझूचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन असेल तर डिस्ट्रिब्यूटरच वेगळा आहे, तिथे या पानावरच्या किट लागू नाहीत.